पाऊणचं ऊन

आत्याच्या घरात भर दुपारी दिवा लागतो. पहिल्यांदा गेले तेव्हा चपला काढता काढता मी सवयीने बटण बंद केलं. मोरीतून आत्याचा आवाज आला, “अगं, राहू दे. काही दिसायचं नाही तुला.” एप्रिलचे दिवस होते. गोवंडी स्टेशनापासून चालत येताना उन्हाने डोळे बारीक झाले होते, ओढणी डोक्यावर घट्ट धरून मी सावली शोधत आले होते. आणि इथे, तळमजल्यावरच्या खोलीत, दुपारी दोन वाजता तांदूळ निवडायला ट्यूबलाइट. मी बटण पुन्हा दाबलं. दिवा लगेच लागला नाही, जरा फडफडला. त्या दोन-तीन क्षणांत खोली जशी दिसली तशीच ती माझ्या मनात राहिली आहे. खिडकीची राखाडी चौकट, भिंतीवर पोपटी रंगाचा एक पट्टा, आणि बाकी काळोख.

त्याआधी आत्या वीस-बावीस वर्षं रुळाच्या कडेला राहिली. पत्र्याचं घर. लोकल गेली की फळीवरची भांडी थरथरायची. पोरं दाराबाहेर गेली की तिचा जीव टांगणीला लागायचा. संडासला जायचं ते पहाटे, अंधार असताना. त्या घराबद्दल ती कधी गोड बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही. पण त्या घराच्या दारात ऊन होतं. सकाळी आठला यायचं, ते संध्याकाळी पाचपर्यंत हलायचं नाही. त्या उन्हाच्या भरवशावर आत्या चैत्र-वैशाखात साऱ्या नातेवाइकांचं वाळवण करायची. कुरडया, सांडगे, पोह्यांचे पापड, बटाट्याचा कीस. जुनं पातळ अंथरायचं, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि कावळे हाकायला नातवंडं. पावसाळ्याआधी घरातली एकूण एक गोधडी बाहेर निघायची. आमच्या माझगावच्या घरी दर मे महिन्यात तिच्याकडून कुरडयांचा डबा यायचा. ती नव्या घरात गेली त्या वर्षी डबा आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. आम्हाला वाटलं, वय झालं.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ मध्ये कर्ज दिलं. रेल्वेचे रूळ वाढवायचे होते, पूर्व आणि पश्चिम उपनगरं जोडणारे रस्ते रुंद करायचे होते. त्यासाठी रुळाकाठची आणि रस्त्याकाठची लाखाच्या आसपास माणसं हलवली गेली, त्यांतली बरीचशी महापालिकेच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला. विस्थापितांच्या तक्रारी वाढल्या तशी बँकेच्या तपासणी मंडळाने चौकशी केली आणि २००६ मध्ये काही महिने कर्जाचे हप्तेही थांबवले गेले. तरीही आत्याला घर मिळालं हे खरं. सव्वादोनशे चौरस फुटांचं, पक्कं, फुकट. पहिल्या दिवशी आत्याने संडासाच्या दाराची कडी आतून चार वेळा लावून पाहिली होती. त्या कडीचं मोल मी कमी लेखत नाही, ती मिळायला तिची अर्धी हयात गेली. म्हणून तर मला जास्त टोचतं. कडी देताना ऊन काढून घ्यायची काय गरज होती?

हे विचारायचा मला किती अधिकार आहे ते ठाऊक नाही, कारण अशा इमारती मी आखलेल्या आहेत. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल करून नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात लागले. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, रोट्रिंगची पेनं, चुकलेली रेघ ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. ऑफिसात तेव्हा पुनर्वसनाच्या लेआउटची कामं एकामागून एक येत होती. १९९५ च्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं होतं, नियम नवे होते आणि सगळ्यांनाच घाई होती. आमच्याकडे एक क्रियापद सारखं ऐकू यायचं, ‘बसवणं’. “या कोपऱ्यात अजून आठ बसतात का बघ.” “जिना फिरवलास तर मजल्यामागे एक जास्त बसेल.” माणसं कुणी म्हणत नव्हतं, खोल्यासुद्धा नाही. नुसता आकडा, आणि तो बसायचा.

एरवी शहराचे नियम गर्दीला वरून मर्यादा घालतात, याहून जास्त नको म्हणतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत मर्यादा खालून होती. हेक्टरी किमान ५०० घरं. पुढे २०३४ च्या विकास आराखड्याच्या नियमावलीत ती ६५० झाली. घर त्याच वेळी मोठं होत गेलं, आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००, आणि त्या प्रत्येक वाढीची बातमी झाली. दोन इमारतींच्या मधलं अंतर किती याची बातमी झाल्याचं मला आठवत नाही. कारण अंतर कुणाच्या नावावर नसतं. त्याचा सातबारा नाही, त्याला चावी नाही. ज्याचं कुणी धनी नाही ते आधी कापलं जातं.

आमच्या भाषेत त्याला मार्जिन म्हणतात. साध्या इमारतीला नियमाने जे मार्जिन सोडावं लागायचं, ते पुनर्वसनाच्या इमारतीला माफ व्हायचं आणि त्या माफीला ‘सवलत’ म्हणायचे. मला तेव्हा तो शब्द खटकला नाही. सवलत म्हणजे गरिबाला काहीतरी मिळतंय असंच वाटायचं. दहा फूट, म्हणजे साधारण तीन मीटर. एकास दोनशेच्या प्रमाणात कागदावर ते दीड सेंटिमीटर भरतं. मी ती पट्टी कितीदा आखली असेल! मधे ‘ओपन स्पेस’ असं लिहून दोन-चार गोल झाडंही काढली असतील. प्लॅनमध्ये उंची दिसत नाही. वरून पाहिलं की दीड सेंटिमीटरची पांढरी पट्टी चांगली मोकळी वाटते. दोन इमारतींच्या आरपार सेक्शन काढला असता, म्हणजे कागदावर सुरी फिरवून शहर मधोमध चिरून पाहिलं असतं, तर लगेच कळलं असतं की ती मोकळी जागा नाही, विहीर आहे. पण असा सेक्शन कुणी मागितला नाही. मंजुरीला तो लागत नव्हता, आणि न मागितलेला नकाशा काढायला ऑफिसात कुणाकडे वेळ नव्हता.

मी स्वतः वाढले माझगावच्या बीआयटी चाळीत. दहा बाय बाराची खोली, पुढे गॅलरी, संडास मजल्याच्या टोकाला. गॅलरीतून सकाळी ऊन आत यायचं आणि उंबरठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत सरकायचं. देव्हाऱ्याला लागलं की शाळेची वेळ झाली. घड्याळ होतं घरात, पण आई उन्हाकडे बघूनच हाक मारायची. बीआयटी म्हणजे काय हे लहानपणी कुणाला विचारलं नव्हतं. नाव होतं, इतकंच. आत्याच्या खोलीतला तो दिवा लावून आल्यावर मी ते पहिल्यांदा नीट शोधलं, आणि मग शोधतच गेले.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाची लक्षणं पाहिली आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. ते मूळचे गोव्याचे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे आणि मी त्याच्या समोरून हजार वेळा गेले असेन. पुढच्या काही महिन्यांत अर्धी मुंबई गावाकडे पळाली. गिरण्या आणि बंदर ओस पडू लागलं. मग सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. बीआयटी म्हणजे तो. प्लेग अंधारातून, ओलीतून, कोंदट हवेतून येतो अशी तेव्हाची समजूत. म्हणून ट्रस्टने दाट वस्त्या फोडून पूर्व-पश्चिम रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून काढलेले रस्ते आहेत. काळबादेवीच्या बाजूने प्रिन्सेस स्ट्रीटवर वळलं की अजूनही संध्याकाळी तो वारा अंगावर येतो.

आणि एक कोन. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर नावाचे सनदी अधिकारी होते, त्यांनी या कोनाचा पाठपुरावा अगदी चिकाटीने केला. १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर त्यांनी व्याख्यानही दिलं. त्यांचं म्हणणं असं, की खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी असता कामा नये. साडेत्रेसष्टच का, ते माझ्यासारख्या आखणारीला लगेच उमगतं. या कोनात उंची अंतराच्या बरोबर दुप्पट होते. म्हणजे समोरची इमारत साठ फूट असेल तर मधे तीस फूट मोकळं सोडा. गवंड्यालाही तोंडपाठ होईल असा हिशोब. माझ्या लहानपणी देव्हाऱ्यापर्यंत पोचणारं ते ऊन त्या काळच्या आखणाऱ्यांच्या मनात असा हिशोब होता म्हणून पोचत होतं, हे कळलं त्या दिवशी मला उगाच भरून आलं. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर दोन दशकं राहिले. त्यांच्या खोल्या आजही लोक बघायला जातात.

या सगळ्यात एक मोठी चूक होती. प्लेग अंधारातून येत नव्हता. तो उंदरांच्या पिसवांतून येत होता, आणि शास्त्राला हे पुढच्या काही वर्षांत समजलंही. म्हणजे साडेत्रेसष्ट अंश ज्या रोगासाठी शोधले त्या रोगाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. पण दुसऱ्या एका रोगाशी होता. क्षयाचा जंतू उन्हात फार काळ तग धरत नाही, आणि खेळत्या हवेत तो विरळ होऊन जातो. चुकीच्या कारणासाठी आखलेली रेघ क्षयावर मात्र बरोबर बसत होती. शहराला मोठ्या किमतीत मिळालेलं हे शहाणपण होतं. ते शंभर वर्षं जपायला हवं होतं.

ट्रस्टचे मी गोडवे गात नाही. मांडवी-नागपाड्यात त्यांनी जितक्या खोल्या पाडल्या तितक्या सुरुवातीच्या वर्षांत बांधल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत घुसली आणि तिथली गर्दी आणखी वाढली. सगळ्यांत ऐसपैस उजेड ट्रस्टने ठेवला तो दादर-माटुंग्याला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्यानं, दुतर्फा झाडांचे रस्ते, बेताच्या उंचीच्या इमारती. जवळच १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं शिवाजी पार्क. हिवाळ्यात सकाळी तिथल्या कट्ट्यावर स्वेटर घालून उन्हाला बसलेली म्हातारी माणसं बघितली की मला बरं वाटतं, आणि आत्या आठवते. मांडवीत ज्यांच्या खोल्या पडल्या त्यांच्यापैकी कितीजण माटुंग्याच्या झाडांखाली राहायला आले असतील? तिथले प्लॉट लिलावाने आणि भाडेपट्ट्याने गेले. कारकून, वकील, डॉक्टर, व्यापारी आले. उजेडाचा कोन शोधला तो गरिबांच्या मरणातून, आणि पुरेपूर वापरला गेला मध्यमवर्गाच्या वसाहतींत. तरीही निदान नियम होता. माझगावला त्यातला थोडा मिळाला, परळला मिळाला.

१९९५ नंतर जे झालं ते समजायला टीडीआर समजून घ्यावा लागतो. हस्तांतरणीय विकास हक्क. विकासकाने एका जागी पुनर्वसनाची घरं बांधून द्यायची, आणि त्या बदल्यात त्याला जास्तीच्या बांधकामाचा हक्क एका कागदावर मिळायचा. तो कागद विकता येतो. गोवंडीत घरं जितकी दाट बसवाल तितका हक्क मोठा, आणि तो हक्क जिथे चौरस फुटाला भाव आहे अशा पश्चिमेच्या उपनगरांत नेऊन वापरायचा. तिथे त्या कागदावर दोन मजले वाढायचे, समुद्र दिसणारे. हे बेकायदा नव्हतं. हीच योजना होती, आणि सरकारच्या तिजोरीतून पैसा न घालता गरिबाला घर मिळतं म्हणून ती तेव्हा अनेक भल्या माणसांना पटलीही होती. पण मी कागदावर दीड सेंटिमीटर आखत होते तेव्हा आत्याच्या खिडकीसमोरून काढून घेतलेली मोकळी हवा दुसरीकडे कुणाच्या तरी बाल्कनीत रवाना होत होती, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आत्याच्या इमारतीत गॅलरी नाही. मधे एक लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. खोलीला बाहेरची भिंत एकच, त्यामुळे खिडकीही एकाच बाजूला. वारा आत येतो असं म्हणावं तर बाहेर कुठून जाईल? दार उघडं ठेवलं तर समोर दुसऱ्याचं दार, पॅसेजमध्ये उजेड नाही, अनोळखी पोरं बसलेली असतात. म्हणून दार बंद. चाळीत आमचं दार फक्त झोपताना लागायचं. भांडणं व्हायची, कुणाच्या घरात काय शिजतंय सगळ्यांना कळायचं, आणि त्याचा त्रासही व्हायचा. पण आत्याच्या पॅसेजमध्ये शेवटच्या दाराआडची बाई आजारी आहे हे तिच्या घरासमोर चपला साचल्या तेव्हा लोकांना कळलं. चाळीतली माणसं फार प्रेमळ होती म्हणून दारं उघडी होती असं मला वाटत नाही. गॅलरीत उजेड होता. उजेडात उभं राहून बोलता येतं.

आणि खिडकीबाहेर ती पट्टी, माझी ओपन स्पेस. मुंबईत अशा चिंचोळ्या जागेला हाऊस गल्ली म्हणतात. आत्याच्या हाऊस गल्लीत कचऱ्याची गाडी शिरत नाही. वरच्या मजल्यांवरून पिशव्या पडतात. वरच्यांना नावं ठेवणं सोपं आहे. लिफ्ट बंद, पाणी दिवसातून एकदा, आणि सातव्या मजल्यावरची बाई हातात कचरा घेऊन किती वेळा उतरेल? खाली त्याचा थर साचतो, वास येतो, डास होतात, म्हणून तळमजल्याच्या खिडक्यांना पत्रे ठोकलेले आहेत. आत्याने पत्रा नाही ठोकला, निळी ताडपत्री लावली आहे, पावसाळ्यात सोडायची आणि एरवी अर्धी गुंडाळायची. एकदा ती गुंडाळत असताना खालून एक मोठा उंदीर निघाला आणि अगदी सावकाश, घाई न करता गेला. मला व्हिएगस आठवले.

आत्याच्या नातीला बारावीच्या वर्षी खोकला सुरू झाला. आधी वाटलं धुराचा, देवनारच्या डम्पिंगचा. मग संध्याकाळचा बारीक ताप. वजन उतरलं. थुंकीची तपासणी झाली आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. दवाखान्यातल्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, गोळी चुकवायची नाही, अंडी-डाळ खायची, खोलीत ऊन येऊ द्यायचं, हवा खेळती ठेवायची. आत्याने मान डोलावली. घरी आल्यावर मला म्हणाली, “गोळ्या त्यांनी दिल्या. अंडी मी आणीन. ऊन कुठून आणू, तू सांग.” ती रागावलेली नव्हती. मी नकाशे काढते, मला माहीत असेल असं तिला खरंच वाटलं.

त्याच सुमारास मला एक अभ्यास वाचायला मिळाला. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तो केला होता आणि २०१८ मध्ये त्याची वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. एम-पूर्व विभागातल्या तीन वसाहती त्यांनी घेतल्या, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. घरोघर जाऊन क्षयाचे रुग्ण मोजले, आणि त्याच घरांत उजेड किती, वारा किती, खिडकीतून आकाशाचा केवढा तुकडा दिसतो हेही मोजलं. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना चिकटून, तिथे क्षय जास्त. पीएमजीत इमारतींमधलं अंतर मोठं, तिथे कमी. एकाच इमारतीत खालच्या मजल्यांना उजेड कमी आणि आजार जास्त. माणसं तीच, म्हणजे तशीच. कमाई सारखी, खाणं सारखं, सगळीच कुठून तरी उठवून आणलेली. फरक होता तो मधल्या अंतराचा.

खिडकीतून दिसणारं आकाश मोजायचं! माझ्या धंद्यात इतकी वर्षं काढून हे मोजता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ऑर यांचा कोन म्हणजे वेगळं काय होतं? त्या रात्री मी जुना सेट स्क्वेअर आणि कॅल्क्युलेटर काढून बसले. तळमजला अधिक सात मजले, साधारण चोवीस मीटर. साडेत्रेसष्ट अंशांना मधे बारा मीटर हवेत. नटवर पारेखसारख्या वसाहतीत आहेत तीनच्या आसपास. उलट हिशोब केला, कोन आला त्र्याऐंशी अंश. साडेत्रेसष्ट ते त्र्याऐंशी, सेट स्क्वेअरवर बोटाएवढी फट. मी कागद उभा धरला, आडवा धरला. इतक्या वर्षांनी न काढलेला तो सेक्शन शेवटी काढला. खाली एक लहानशी खिडकी दाखवली, आणि तिच्यापासून वर जाणारी, जवळजवळ उभीच रेघ.

अंतर सोडलं असतं तरी सगळं सुटलं नसतं, हेही मला कळतं. एम-पूर्वची खिडकी उघडली तर काय आत येतं? देवनारचं डम्पिंग १९२७ पासून तिथे आहे, सव्वाशे हेक्टरहून मोठं. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आम्हा माझगावकरांना तेव्हा पहिल्यांदा खोकला आला आणि त्याची मोठी बातमी झाली. गोवंडीत तो खोकला आधीही होता. कत्तलखाना तिथे नेला, दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टीही तिथेच उभारली. थोडं पुढे माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुंपणालगत पुनर्वसनाच्या इमारती. तानसाच्या जलवाहिनीवरून उठवलेल्यांना तिथे पाठवलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच तिथल्या हवेबद्दल गंभीर निरीक्षणं नोंदवली होती. पुढे लोक वर्षानुवर्षं भांडले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही माहुलला जायची सक्ती करू नका, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या. या निकालाने मला फार धीर आला. हवा हा घराचाच भाग आहे, हे कुणीतरी कागदावर लिहिलं. आणि तरीही २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी देवनारच्या डम्पिंगची एकशे चोवीस एकर जागा देण्याचा निर्णय झाला. शहराला जे नकोसं झालं ते ज्या दिशेला टाकत आलो, त्याच दिशेला आपण माणसंही पाठवतो. दिशा एकदा ठरली की नवा नकाशा जुन्याच्या वरून गिरवला जातो. मी गिरवलेला आहे, ट्रेसिंग पेपर त्यासाठीच असतो.

नात बरी झाली. सहा महिन्यांत एकही गोळी चुकली नाही. ते श्रेय तिचं, आत्याचं आणि गोळीचं. त्या सहा महिन्यांत मी जवळजवळ दर रविवारी जात होते. एकदा साडेबाराला पोचले तर घराला कुलूप. शेजारच्या बाईने हाताने मागे दाखवलं, “गल्लीत असतील. पाऊणचं ऊन झालंय ना.”

मी वळसा घालून गेले. त्या दोन इमारतींच्या मधली फट दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे मे महिन्यात सूर्य नेमका डोक्यावर आला की वीस-पंचवीस मिनिटं ऊन थेट तळापर्यंत उतरतं. तिथल्या बायकांना त्याची वेळ पाठ आहे. कुणी तरी कचरा एका कडेला ओढून फरशी मोकळी केली होती. एका बाळंतिणीने तेल लावलेलं मूल पायांवर आडवं घेतलं होतं. एक म्हातारे गृहस्थ लुंगी गुडघ्यांवर घेऊन पाय शेकत होते. दोन उशा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, एका सुपात मूठभर लाल मिरच्या. नात लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंडाला रुमाल, मांडीवर पुस्तक, बाकीच्यांपासून जरा लांब. उन्हाचा पट्टा पश्चिमेच्या भिंतीपासून निघाला होता. तो सरकला की आत्या उठायची, खुर्ची नातीसकट पूर्वेकडे ओढायची, मग सूप ओढायची आणि परत बसायची. मी मिनिटं मोजत होते. पंचवीस मिनिटांत खुर्ची चार वेळा हलली. पाचव्यांदा ती पूर्वेच्या भिंतीला टेकली, आणि ऊन नातीच्या गुडघ्यांवरून भिंतीवर चढायला लागलं. आत्याने सूप उचलून डोक्याच्या वर धरलं. जितका वेळ हात पुरले तितका वेळ ती तशीच उभी होती.